झिपरूअण्णांची विजेची शेगडी

झिपरूअण्णा अंगठा घेण्याआधी समोरच्या माणसाचा हात हातात घ्यायचे. अर्ज लिहून झाला, वाचून दाखवला, शाईची गादी उघडली, की ते आपले दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचे आणि त्या दोन तळव्यांत पक्षकाराचा अंगठा धरून चोळत बसायचे. पक्षकार मग डोंगरातला भिल्ल असो, शहाद्याकडचा केळीवाला असो, की नवरा टाकून गेलेली एखादी बाई असो. बाई असली तर तिचा हात तिच्याच पदरात धरायचे, पण चोळल्याशिवाय अंगठा घ्यायचे नाहीत. घाईतला एखादा वैतागायचा. "अण्णा, आटपा ना!" अण्णा वर बघायचेही नाहीत.

"हिव लागेल अंगठा खोटं बोलस रे भाऊ," म्हणायचे. "जरा ऊब खाऊ दे त्याले."

आमच्याकडे हिव म्हणजे थंडी. खानदेशाला लोक उन्हाचा मुलूख म्हणून ओळखतात, ते खोटं नाही, पण पौषात सातपुड्यावरून वारा सुटला की नंदुरबारच्या कचेरीच्या भिंतीसुद्धा कुडकुडतात. गारठलेल्या, भेगाळलेल्या अंगठ्याचा ठसा खरोखरच नीट उठत नाही. रेघा तुटतात आणि पुढे कोर्टात कोणी म्हणतो, हा माझा नव्हेच. अण्णांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पण ते अंगठे असे हातांनी का उबवायचे, शेजारी एखादी शेगडी का ठेवत नव्हते, हे फक्त मला ठाऊक होतं. कारण त्या साऱ्याच्या मुळाशी मी होतो.

मी स्टँप विकायचो. अण्णा परवान्याचे अर्जनवीस, म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे सरकारदरबारचे अर्ज लिहून देणारे. मामलेदार कचेरीच्या उत्तरेच्या भिंतीला लागून कडुनिंबाखाली आमचं दोघांचं मिळून एक पत्र्याचं खोपटं होतं. सहा फूट लांब, पाच फूट रुंद. मध्ये गोणपाटाचा पडदा. इकडे माझी स्टँपांची पेटी, तिकडे अण्णांची उतरती फळी, दौत, टाक. पडदा कायम गुंडाळलेलाच असायचा, कारण अण्णांना लिहितालिहिता बोलायला कोणी लागायचं आणि मला, खरं सांगतो, बोलण्याशिवाय दुसरं काही येतच नव्हतं.

माणूस धानोऱ्याचा. उंच, वाकलेला, कानात भिकबाळी नाही की बोटात अंगठी नाही. बोलायचे घरची अहिराणी, पण टाक हातात आला की कागदावर उतरायची ती अशी शुद्ध, अशी वळणदार मराठी, की पुण्याकडून आलेले कारकून तोंडात बोट घालायचे. त्यांचं अक्षर! अहो, मी आयुष्यभर कागदांत वावरलो, पण तसं अक्षर पुन्हा बघितलं नाही. प्रत्येक अर्जाच्या शेवटी ते 'दस्तुर खुद्द' असं लिहायचे, म्हणजे हे माझ्या स्वतःच्या हातचं आहे. त्या दोन शब्दांखाली सही करताना पाठ जरा ताठ व्हायची त्यांची. तेवढाच काय तो गर्व.

आणि एक नियम. अर्ज पूर्ण झाला की तो पक्षकाराला त्याच्या बोलीत समजावून वाचून दाखवायचा आणि मगच अण्णा सही करणार. भिल्ली, डोंगरातली कोकणी, गुजराती, सगळ्यांतलं थोडंथोडं त्यांना येत होतं. "आपला अर्ज आपलेच समजना नही, ते सायेबले काय समजी?" असं म्हणायचे. दहा माणसं खोळंबलेली असली, मामलेदाराचा पट्टेवाला हाका मारत असला, तरी तो वाचायचा नियम मोडला नाही. मी किती वेळा चिडलो असेन त्यावरून! आज वाटतं, तेव्हा चिडायच्या ऐवजी एकदा तरी तो नियम मोडायला लावायला हवा होता.

आता ती शेगडीची गोष्ट. ती सांगितल्यावाचून अण्णा कळायचे नाहीत, आणि मला ती टाळता आली तर बरं वाटेल, म्हणूनच सांगतो.

विसरवाडीच्या पुढच्या डोंगरातून रेवज्या नावाचा एक शेतकरी दोन दिवस पायी चालून आमच्याकडे आला होता. सगळे त्याला रेवज्या म्हणत. अण्णा म्हणायचे रेवजीभाऊ. बापाने जंगल तोडून जमिनीची एक पट्टी नांगराखाली आणली होती आणि कुठल्या तरी जुन्या साहेबाने तिच्या वहिवाटीचा शिक्क्याचा कागद करून दिला होता. शेजारगावचा एक बडा माणूस आता त्या पट्टीवर हक्क सांगत होता. रेवज्याने तो कागद बांबूच्या नळीत घालून, नळीला दोन्हीकडून मेण लावून आणला होता. त्याच्याकडे जगात तेवढं एकच लिखाण. अण्णांनी तो फळीवर पसरला, दोनदा वाचला आणि त्याची नक्कल करायला घेतली.

थंडी मरणाची होती. मी आदल्याच आठवड्यात बाजारातून एक पत्र्याची शेगडी आणली होती. झाकणाची, जाळीची होती तीही दुकानात, पण ती महाग. मी हाडाचा कवडीचुंबक. बिनझाकणाची घेतली आणि वर कोळसाही कच्चा घेतला, स्वस्तातला. अण्णा म्हणाले होते, "बाबू, कागदना जोडे कच्चा कोयसा नको." मी म्हटलं, काही होत नाही हो.

अण्णांच्या सात ओळी लिहून झाल्या होत्या. मी शेगडीवर फुंकर मारली. कच्चा कोळसा फुटला, टचकन आवाज झाला आणि निखाऱ्याचा तुकडा उडून थेट त्या जुन्या कागदावर पडला. वाळलेल्या पानासारखा कागद तो. अण्णांनी उघड्या पंजाने विझवला, तळहाताला फोड आला, पण हातात राहिली ती काळी पापुद्र्यांची राख. रेवज्या रिकाम्या नळीच्या तोंडात बोट घालून बघत राहिला, जणू अजून काही आत असेल. अजून मला ते बोट दिसतं.

कागद कसा जळला, असं मामलेदारांनी विचारलं. खरं सांगितलं तर माझा स्टँपाचा परवाना गेला असता, घरात तीन लेकरं. मी तोंड उघडायच्या आतच अण्णा म्हणाले, "शेगडी मन्ही व्हती, सायेब. बाबूनी काही चुकी नही." सहा महिने त्यांचा परवाना बंद राहिला. सहा महिने त्या माणसाने जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, गाठींवर नंबर रंगवले. आणि मी, माझ्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

रेवज्याची जमीन गेली. स्वतःच्याच पट्टीवर दुसऱ्याच्या नांगरामागे तो मजुरीने चालू लागला. अण्णांचा परवाना परत मिळाला तेव्हापासून त्यांनी खोपट्यात विस्तव बंद केला. शेगडी नाही, विडी नाही, उदबत्तीसुद्धा नाही. आणि पुढच्याच हिवाळ्यापासून ते लोकांचे अंगठे स्वतःच्या तळव्यांनी उबवू लागले.

अकरा हिवाळे गेले असे. दर वर्षी पिकं निघाली की रेवज्या यायचा आणि दर वर्षी अण्णा त्याचा अर्ज लिहायचे. "तू सांग रेवजीभाऊ, मी लिखस." दर वर्षी अर्ज परत यायचा, अस्सल कागद नाही म्हणून. जळलेल्या कागदाच्या एकोणीस ओळी होत्या. सात नकलेत उतरल्या होत्या, उरलेल्या बारा अण्णांना तोंडपाठ. जेवताना म्हणायचे, चालताना म्हणायचे. विसरू नये म्हणून. ओठ हलताना दिसले की मी मान वळवायचो.

बिनऊबेच्या त्या खोपट्याने त्यांची बोटं खाल्ली. आधी सांधे सुजले, मग सकाळी टाक धरवेना, मग हिवाळ्यात दिवसभर धरवेना. हिवाळ्याचे अर्ज मी लिहायचो, सही ते करायचे. त्या अर्जांखाली 'दस्तुर खुद्द' ते लिहू द्यायचे नाहीत. "ते खोटं व्हई," म्हणायचे.

दुसरी मोठी लढाई संपली, त्याच्या पुढच्या वर्षी नवे प्रांतसाहेब आले. तरुण, ऐकून घेणारे. रेवज्याचा अर्ज त्यांनी फेकला नाही. म्हणाले, ज्याने अस्सल कागद डोळ्यांनी वाचला त्याने तो पूर्ण मजकूर प्रतिज्ञेवर, स्वतःच्या हाताने लिहून द्यावा. ती अर्धी नक्कल जोडावी, म्हणजे अक्षर ताडून बघता येईल. पुढच्या पंधरवड्यात इथे माझा दौऱ्याचा कॅम्प आहे, तेव्हा दाखल करून घेतो. पुढचा प्रांत कसा येईल कोणाला ठाऊक? हीच एक संधी होती.

अण्णा कचेरीच्या पायऱ्या उतरले तेव्हा त्यांच्या तोंडावर अकरा वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं. फळीवर बसले, टाक घेतला आणि बोटं मिटेनात. टाक गळून पडला.

"सांगा, मी लिहितो," मी म्हटलं.

"नही." इतक्या कडकपणे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "सायेब सोताना हातनं म्हणेल शे. आणि कागद मन्हा हातमा जयना, मन्हाच हातले लिखनं पडी."

घरी बसून, चुलीपाशी हात शेकून लिहा म्हटलं, तर तेही नाही. अर्जनविसाच्या परवान्यात जागा लिहिलेली असते. त्या जागेबाहेर लिहिलेलं ते कधी आपलं मानायचे नाहीत. आणि खोपट्यात निखारा नाही, म्हणजे नाही.

तेव्हा मला जिनाची आठवण झाली. कापसाच्या हंगामात जिनाचं इंजिन सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत चालायचं, आणि त्याच्या डायनामोवरून एक तार कचेरीत दिली होती. दोन दिवे आणि साहेबाचा पंखा तिच्यावर चालायचे. मी जिनाच्या फिटरकडे, अब्बासभाईकडे गेलो. म्हटलं, विस्तवाशिवाय ऊब देणारं विजेचं यंत्र असतं म्हणतात, ते आमच्या खोपट्यात चालेल का?

अब्बासभाई आला, खोपटं फूटपट्टीने मोजलं आणि हसला. "बाबूभाय, सहा बाय पाच की कोठडी. इस में हाथी काय को बांधते?" मग त्याने मला नीट समजावून सांगितलं. तीन तऱ्हेच्या मिळतात. एक दोन दांड्यांची मोठी, ती साहेब लोकांच्या दिवाणखान्याला. ती लावली तर आपली बारीक तार जळेल आणि कचेरीचे दिवेही जातील. दुसरी मातीच्या थाळीवर उघडी तार वेटोळी घातलेली, सर्वांत स्वस्त. पण उघडी तार, कागद टेकला की पेटला. तिसरी तांब्याच्या परातीसारखी, मध्ये एकच लहान कांडी आणि पुढून तारेची जाळी. खोली तापवत नाही, समोर धरलेले हात तेवढे तापवते. तिचा पाया जड, धक्का लागला तरी पडत नाही. "तुम्हारे को येहीच मंगता," तो म्हणाला. "और कागज से एक हाथ दूर."

पहिली ऐकताच गळाली. राहिली स्वस्तातली उघडी आणि जाळीची. माझी बुद्धी म्हणाली, जाळीचीच घे, एकदा बिनझाकणाचं घेऊन काय झालं ते विसरलास? निदान एवढं तरी शिकलो होतो. पण स्वभाव जातो कुठे! जाळीची नवी सुरतेला मिळत होती, आणि गाडीने गेलो असतो तर तिसऱ्या दिवशी इथे असती. पण कळलं की रेल्वेचा एक गोरा साहेब देश सोडून चालला आहे, त्याच्या बंगल्यातलं सामान पुढच्या सोमवारी लिलावात निघणार आहे, आणि त्यात नेमकी तशीच तांब्याची शेगडी आहे. अर्ध्याहून कमी किमतीत सुटली असती.

मी अण्णांना विचारलं. खरं म्हणजे विचारलं नाही, सांगितलं. म्हटलं, "आठ दिवस थांबू अण्णा, कॅम्पला अजून अवकाश आहे."

"आठ दिनमा काय बिघडस रे?" ते म्हणाले. "ले दमाने. तुन्हा पैसा शे."

हो. पैसा माझा होता. तो मला जपायचा होता.

त्या आठ दिवसांत आभाळ भरून आलं. ऊन म्हणून पडेना. एरवी अकराच्या सुमाराला कडुनिंबाच्या फांदीखालून एक तिरीप फळीवर यायची, तीही गेली. अण्णा रोज भोंग्याला येऊन बसायचे. बंडीवर बंडी, वर घोंगडी, हात काखेत. मग काढायचे, दौतीत टाक बुडवायचे, चार अक्षरं उमटायची आणि पाचव्याला डाग पडायचा. कागद बाजूला. पुन्हा दुसरा. मी म्हणायचो, "अण्णा, घरी जा, सोमवारी शेगडी येतेच आहे." ते म्हणायचे, "सवय करी ऱ्हायनू." शनिवारी खोकला सुरू झाला. रविवारी कचेरीला सुट्टी, तरी ते येऊन बसले होते असं मला नंतर कळलं.

सोमवारी मी लिलावात शेगडी घेतली. माझ्यावर बोली चढवणारं कोणीही नव्हतं. स्वस्तात मिळाली म्हणून मी वाटेत शीळ घालत आलो. देवा!

मंगळवारी अब्बासभाईने तार जोडली. अण्णा मागे सरकून भिंतीला टेकले. "हाई शेगडी शे? ठिणगी उडस का?" मी म्हटलं, नाही उडत. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी एक कोरा कागद घेतला, जाळीपासून हातभर लांब धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. अकरा वर्षांचा डर होता तो. कागदाला काही झालं नाही. मग कागद खाली ठेवून त्यांनी हळूच हात पुढे केले. तांब्याच्या परातीचा तांबूस उजेड त्यांच्या सुजलेल्या सांध्यांवर पडला होता. बाहेर पट्टेवाला कोणाला तरी ओरडत होता.

घटकाभराने ते लहान पोरासारखे ओरडले, "बाबू, बोटे उघडी ग्यात रे!"

आणि लिहू लागले. एकामागून एक एकोणीस ओळी. तेच अक्षर, जसंच्या तसं, जणू सात ओळी काल लिहिल्या होत्या आणि आज आठवीपासून पुढे निघाले होते. मध्ये खोकल्याची उबळ आली की टाक वर धरायचे, कागदावर थेंब पडू नये म्हणून. कागद कसा जळला तेही लिहिलं. 'माझ्या शेगडीच्या ठिणगीने.' मी वाचत होतो. म्हटलं, "अण्णा, ते तरी खरं लिहा आता. माझी शेगडी होती." त्यांनी मान हलवली नाही की हसले नाहीत. लिहीत राहिले. शेवटी 'दस्तुर खुद्द' लिहिलं आणि टाक ठेवला.

"सही?"

"रेवजीभाऊ येऊ दे. पह्यले त्याले वाची दखाडसू, मंग सही."

मी हात जोडले. म्हटलं, एवढ्या वेळा वाचून दाखवलंय त्याला, आता करून टाका, बोटं सैल आहेत तोवर करून टाका. ते म्हणाले, त्याचं आहे, त्याने ऐकल्याशिवाय पुरं कसं होईल? संध्याकाळचा भोंगा झाला, इंजिन थांबलं आणि परातीतला उजेड विझला. अण्णांनी कागद माझ्या स्टँपांच्या पेटीत ठेवायला दिला आणि घोंगडी डोक्यावरून घेऊन घरी गेले. आपल्या पायांनी गेले ते शेवटचं.

रेवज्या गुरुवारी दुपारी पोचला. कॅम्प शुक्रवारी. आम्ही दोघं अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, त्यांना सगळा मोहल्ला जिजी म्हणायचा, दारातच म्हणाल्या, "परवापासून ताप शे. नुसता खोकली ऱ्हायनात, भाऊ." डॉक्टर येऊन गेला होता. छाती भरली आहे म्हणाला होता.

बाजेवर अण्णा अर्धे झाले होते. रेवज्या खाली बसला. मी तो कागद काढला आणि वाचू लागलो. मला भिल्ली येत नाही. मी मराठीत वाचायचो आणि अण्णा डोळे मिटून, श्वास घेत घेत, त्याच्या बोलीत सांगायचे. एका ओळीला मी चुकलो. 'ओढ्याच्या पूर्वेस' असं होतं, मी पश्चिमेस म्हणालो. अण्णांनी डोळे न उघडता बोट हलवलं. एकोणीस ओळी झाल्या. रेवज्याने मान डोलावली. मी टाक बुडवून त्यांच्या हातात दिला.

बोटं मिटली नाहीत. मी मिटवून धरली, तरी टाक निसटला आणि चादरीवर शाईचा ठिपका पडला. घरात वीज नाही. जिजींनी चुलीवर तवा तापवून फडक्यात आणला, त्यावर हात ठेवले. पुन्हा टाक दिला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा मी देणार तोच अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शाईनी गादी काढ."

मला कळेना. मग कळलं.

"नाही अण्णा. तुमचा अंगठा? मी नाही घेणार."

"हजार लोकेसना लिधा मी. आते मन्हा ले."

"परवान्याच्या जागेबाहेर..." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"सहीले जागा लागत नही," ते म्हणाले, आणि हसले. खोकल्यामुळे ते हसू पुरं झालं नाही.

ज्या माणसाच्या अक्षराला अख्खा तालुका मान द्यायचा, त्याच्या हाताखाली मी गादी धरली. अंगठा बर्फासारखा गार होता. "थंड शे ना रे?" त्यांनी विचारलं. मी गादी खाली ठेवली. माझे तळवे एकमेकांवर घासले आणि तो अंगठा त्यांच्यात धरला. तसाच, जसा ते धरायचे. चोळत राहिलो, चोळत राहिलो, आणि मला रडू फुटलं. अंगठा ऊब धरेना. तेव्हा रेवज्या उठला आणि त्याने आपले मोठे खरबरीत तळवे माझ्या हातांवरून झाकून धरले. बऱ्याच वेळाने अण्णांनीच मान हलवली, आता घे म्हणून.

'दस्तुर खुद्द' या शब्दांच्या बरोबर खाली ठसा उठला. एकही रेघ तुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रांतसाहेबांनी कागद बघून भुवया उंचावल्या. "अर्जनवीस, आणि अंगठा?" मी सांगितलं सगळं. शेगडीपासून सांगितलं. पहिली शेगडी माझी होती, तेही सांगितलं, सगळ्या कचेरीदेखत. अकरा वर्षं उशीर झाला होता, आणि ज्याच्यासाठी सांगायचं तो ऐकायला नव्हता. साहेबांनी अर्धी नक्कल आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघितला. अक्षर एकच होतं. त्यांनी तो दाखल करून घेतला. मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा जिजींचा भाऊ फाटकातून येताना दिसला. त्याने काही सांगायची गरजच पडली नाही.

लोक म्हणाले, वय झालं होतं, छातीचं दुखणं होतं. डॉक्टरही तेच म्हणाला. म्हणोत. मला ठाऊक आहे आठ दिवस म्हणजे काय. सुरतेची गाडी रोज सुटत होती.

महिनाभरात कापूस संपला, जिनाचं इंजिन थांबलं, तार मेली. मी ती तांब्याची परात पुसून फडक्यात बांधून पेटीवर ठेवून दिली. अण्णांची फळी तशीच. पडदा मात्र मी सोडला, पलीकडे बघवत नव्हतं.

होळी होऊन गेल्यावर निकाल लागला. पट्टी रेवज्याच्या नावे. हुकमाची नक्कल घ्यायला तो आला तेव्हा चैत्रातलं ऊन तापलं होतं. कारकुनाने फाइल उघडली. रेवज्या म्हणाला, अण्णांचा कागद दाखवा. मी दाखवला. म्हटलं, बघ, हे सगळं त्यांच्या हातचं, बघ किती सुंदर अक्षर आहे, वाचून दाखवू? त्याने माझं बोट बाजूला सारलं.

"ते ऱ्हाऊ दे, दादा," तो म्हणाला. मग खाली त्या ठशावर वाकला, अगदी जवळ, आणि म्हणाला, "हाई माले वाचता येस."

कारकुनाने हुकूम पोचल्याची वही पुढे केली आणि गादी उघडली. रेवज्याने अंगठा पुढे केला. मी तो दोन्ही तळव्यांत धरला. अंगठा उन्हाने तापलेला होता, आम्ही दोघंही घामाने भिजलो होतो, आणि कारकून माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. तरी मी चोळला. पुरेसा उबवला, आणि मगच टेकवला.